आजीशी बोल ना दोन मिनिटं!

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा आणि रात्री मुलं झोपल्यावर वाचा. पण वाचा, कारण मला खात्री आहे की तुमच्याकडेही हेच चालू आहे.

रविवार सकाळ, नऊ वाजलेत. आमच्याकडे सेंट्रल जर्सीत अजून कोणाच्या आंघोळी झालेल्या नाहीत. साताऱ्यात संध्याकाळचे साडेसहा. (हिवाळ्यात साडेसात. दर नोव्हेंबरात आई न चुकता विचारते, "तुमचं घड्याळ परत हललं का गं?") व्हॉट्सअॅपची ती टुंगटुंग रिंग वाजते आणि मी स्वयंपाकघरातून ओरडते, "चला रे, आजीशी बोला ना दोन मिनिटं!"

धाकटी नऊ वर्षांची. ती येते, फोन हातात घेते आणि एका दमात म्हणते, "हाय आजी, मी बरी आहे, शाळा छान आहे, हो जेवले, बाय आजी." अजून नाश्तासुद्धा झालेला नसतो, पण "जेवलीस का" हा प्रश्न येणारच आहे हे तिला माहीत असतं, म्हणून ती उत्तर आधीच देऊन टाकते. मोठा पंधराचा. तो दारातूनच हात हलवतो. मग फोन माझ्याकडे येतो आणि मी आणि आई पाऊण तास बोलतो. नळाला पाणी कधी आलं, शेजारच्या काकूंच्या सुनेला दिवस गेलेत, कंदी पेढ्यांचा भाव काय झालाय. फोन ठेवताना दोघी समाधानी. मी मनात म्हणते, चला, मुलांचं आजी-आजोबांशी बोलणं झालं.

कुठे झालं?

"आता काय बाई, व्हिडिओ कॉल आहे, जग किती जवळ आलंय!" हे वाक्य आपल्याला गेली दहा वर्षं सगळे ऐकवतात. विमानतळावर सोडायला आलेले नातेवाईक ऐकवतात, इथे आपण एकमेकांना ऐकवतो. मला हल्ली या वाक्याचा राग येतो. खोटं आहे म्हणून नाही, अर्धंच खरं आहे म्हणून. जग जवळ आलं ते तुमच्या-माझ्यासाठी. आईच्या मागे ओट्यावर कढई दिसली की मला इथे फोडणीचा वास येतो, कारण तो वास माझ्याकडे आधीपासून आहे. फोन फक्त आठवण करून देतो. माझ्या लेकीला त्याच स्क्रीनवर काय दिसतं? अर्धं कपाळ, छताचा पंखा, आणि "ऐकू येतंय का? हॅलो? ऐकू येतंय का?" तिच्याकडे तो वासच नाही, मग तिला त्याची आठवण कसली होणार?

थोडं मागे जाते.

आमच्या घरापासून अर्ध्या तासावर रोझेल नावाचं गाव आहे. तुमच्यापैकी जर्सीवाले त्याच्या एक्झिटवरून रोज जात असतील. १८८०च्या सुमारास तिथल्या थिओडिसिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. समोर एक मिशनरी मासिक पडलं होतं, ते त्यांनी चाळलं. त्यात एका हिंदू गृहस्थाचं पत्र छापलं होतं: माझ्या पत्नीला अमेरिकेत शिकायचं आहे, काही मदत होईल का? गृहस्थ म्हणजे गोपाळराव जोशी, आणि पत्नी म्हणजे आनंदीबाई. बाईंनी घरी येऊन पत्र लिहिलं. पुढची काही वर्षं पत्रं जात-येत राहिली, बोटीनं, प्रत्येक पत्राला आठवडेच्या आठवडे. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायला लागल्या. एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं! १८८३च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या आणि आधी या मावशीच्या घरी राहिल्या. मग फिलाडेल्फियाचं वुमन्स मेडिकल कॉलेज आणि १८८६ची पदवी. तो पुढचा इतिहास आपण शाळेत शिकलोय, आणि गोपाळरावांच्या स्वभावाबद्दल काय बोलायचं ते आज इथे नको. पण एक गंमत लक्षात घ्या. गोपाळराव नोकरीला होते पोस्टात.

डॉक्टरच्या वेटिंग रूममधलं एक जुनं मासिक आणि पोस्टाची पिशवी एवढ्या साधनांवर दोन अनोळखी बायकांमध्ये मावशी-भाचीचं नातं तयार झालं. आणि माझ्या घरात, दोन्ही बाजूंना उत्तम इंटरनेट असताना, सख्ख्या आजी-नातीचं बोलणं "हो जेवले, बाय" इथे संपतं. हा हिशोब मला बरेच दिवस लागत नव्हता.

उगाच जुन्याचे गोडवे गाणाऱ्यातली मी नाही, हे आधीच सांगते. तुमच्या मंडळात सत्तरच्या दशकात आलेले एखादे काका-काकू असतील तर त्यांना विचारा. १९६५चा इमिग्रेशन कायदा बदलल्यावर जे डॉक्टर-इंजिनियर आले त्यांच्यासाठी भारत म्हणजे निळसर एरोग्राम. वडील गेल्याची तार यायची, आणि सविस्तर पत्र यायचं तेव्हा तेरावंसुद्धा होऊन गेलेलं असायचं. फोन करायचा तर आधी नंबर बुक करायचा, तासन्‌तास वाट बघायची आणि लागला की ओरडायचं. आपल्या पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळ आर्वीला, तो प्रचंड मोठा डिश अँटेना उभा राहिला, भारताचं पहिलं व्यावसायिक उपग्रह भू-केंद्र. १९७२ साली इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केलं, नाव विक्रम साराभाईंचं. द्राक्षं-टोमॅटोच्या त्या पट्ट्यातून आपला देश उपग्रहामार्गे परदेशाशी बोलायला लागला, याचा मला उगाचच अभिमान वाटतो. पण फोन तिथून घरापर्यंत यायला फार वर्षं लागली. घरी फोनच नव्हता! शेजारच्या वाण्याकडे किंवा डॉक्टरांकडे फोन यायचा आणि कोणीतरी पोरगं पळत बोलवायला जायचं. नव्वदीतही इथून मिनिटाला डॉलरच्या वर पडायचे. मी आले २००४ साली, तेव्हा इंडियन ग्रोसरीच्या काउंटरवर पाच डॉलरची कॉलिंग कार्डं मिळायची. नाण्यानं खरवडायचं, लांबलचक पिन दाबायचा, ती बाई सांगायची अमुक इतकी मिनिटं शिल्लक आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्म्यातच कट. त्या दिवसांत परत जायची माझी अजिबात इच्छा नाही.

आणि व्हिडिओनं काय दिलं तेही विसरता येत नाही. २०२१च्या मे महिन्यात माझे मोठे काका करोनानं गेले. आम्ही सगळी भावंडं, एक सिंगापूरला, एक डॅलसला, मी इथे, रात्री दोन वाजता फोनच्या स्क्रीनवर त्यांना निरोप देत होतो. तिथे सख्खा मुलगासुद्धा पीपीई किट घालून दहा फूट लांब उभा होता. त्या रात्री तो फोन नसता तर काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

तर बोलणं फुकट झालं, हे चांगलंच झालं. पण फुकट झाल्यावर आपण त्याचं काय केलं?

२०१६ हे वर्ष आठवा. सप्टेंबरात तिकडे जिओ आलं, डेटाचे भाव कोसळले. नोव्हेंबरात व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल सुरू झाला. आईच्या हातात स्मार्टफोन आला तो त्याच दिवाळीच्या आसपास. तेव्हापासून मी राहते जर्सीत, पण माझा दिवस साताऱ्या-पुण्यात जातो. शाळेचा ग्रुप, कॉलेजचा ग्रुप, माहेरचा, सासरचा, सोसायटीचा (त्या सोसायटीत मी राहातसुद्धा नाही, नुसता फ्लॅट आहे). पुण्यात पाऊस किती झाला हे मला इथल्या हवामानाच्या आधी कळतं. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला त्या दिवशी माझ्या फोनवर एकाच मजकुराचे निदान वीस फॉरवर्ड आले. मी त्यातले पाच पुढे ढकलले, अगदी अभिमानानं. आणि त्याच वेळी लेकीला इंग्रजीत ओरडले, "फाइव्ह मिनिट्स, आय अॅम बिझी!"

हसू नका. तुम्हीही केलंय.

मुंबईत वाढलेले आणि पुढे अमेरिकेत शिकवणारे मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी १९९६च्या पुस्तकात असा मुद्दा मांडला की आजचं जग दोन गोष्टींनी मिळून घडवलंय: माणसांचं स्थलांतर आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमं. माणूस एका देशात आणि त्याची कल्पना दुसऱ्याच देशात. तेव्हा स्मार्टफोन नव्हता! आपण त्या पुस्तकातली उदाहरणं झालो आहोत. आपल्या मुलांना मराठी ऐकू येत नाही असं नाही, घरात दिवसभर मराठी चालू असतं, फक्त ते आपल्या कानातल्या इअरबडमध्ये असतं.

दुसरी बाजूही बघा, ती मला जास्त टोचते. साताऱ्यात माझा भाचा आहे, मोठ्याच्याच वयाचा. दोघं एकाच यूट्यूबरचे फॅन, एकच गेम खेळतात, हेडफोन लावून तासन्‌तास एकमेकांशी बोलतात. मला आधी आनंद झाला, भावंडं जोडलेली राहिली. मग एकदा कान देऊन ऐकलं. बोलणं पूर्ण इंग्रजीत! माझ्या मुलाचं ठीक आहे, पण भाचा साताऱ्याचा, बाजूच्या खोलीत आजी बसलेली. आई मला नंतर म्हणाली, "तुझा तिकडे राहून इंग्रजी बोलतो, हा इथे राहून बोलतो. मला काय, दोघंही परदेशातच." आता याला जागतिकीकरण म्हणायचं तर म्हणा. पोरं एकमेकांच्या जवळ आली, आणि म्हातारी आपल्याच घरात लांब गेली.

आता यूट्यूबवरच्या मराठी बडबडगीतांबद्दल. आम्हीही केलं. धाकटी दीड वर्षाची असताना तिला जेवताना टॅब लावून द्यायचो, मराठी गाणी, म्हणजे अपराधी वाटायला नको. "इंग्लिश कार्टून नाही लावत हं आम्ही!" असं मी मंडळाच्या पिकनिकला सांगितल्याचं मला आठवतंय. पुढे भाषेवरचं वाचायला लागले तेव्हा दोन अभ्यास हाती लागले. ते तुम्हाला सांगावेसे वाटतात, कारण त्यांत आपल्या कामाचं काहीतरी आहे.

पहिला २००३चा. सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पॅट्रिशिया कूल यांचा. नऊ महिन्यांची अमेरिकन बाळं घेतली, घरात फक्त इंग्रजी. काही बाळांशी मँडरिन चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसून खेळली, पुस्तकं वाचली, फक्त बारा वेळा. तेवढ्यावर ती बाळं चिनी भाषेतले खास उच्चार वेगळे ओळखायला लागली. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तेच बोलणं, तेवढाच वेळ, पण व्हिडिओवर दाखवलं. त्यांना काहीही आलं नाही. थोडं कमी आलं असं नाही, काहीच नाही.

हे वाचून मी घाबरलेच. म्हणजे स्क्रीनवरची आजी वायाच की काय? मग दुसरा अभ्यास सापडला, २०१४चा, स्काइपवरचा. दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं शिकवली, तीन प्रकारे: समोर बसून, लाइव्ह व्हिडिओ कॉलवर, आणि रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवर. रेकॉर्डिंगवाली मुलं कोरडी राहिली. पण लाइव्ह कॉलवाली मुलं समोर बसलेल्यांसारखीच शिकली! फरक स्क्रीनचा नव्हता. पलीकडचं माणूस मुलाला उत्तर देतंय का, मुलानं काही केलं की थांबतंय, हसतंय, पुढचं त्यावरून बोलतंय का, एवढाच प्रश्न होता. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१६ साली सांगितलं की दीड वर्षाच्या आत स्क्रीन नको, पण व्हिडिओ कॉल चालेल. तुमच्या पीडियाट्रिशियननं दिलेल्या कागदावर असेल बघा.

म्हणजे तीच काच आणि तेच इंटरनेट, पण बडबडगीत मुलाचं ऐकत नाही आणि आजी ऐकते. निदान ऐकू शकते, आपण मध्ये तोंड घातलं नाही तर.

आणि इथे मी माझ्याच घरातली एक गोष्ट सांगते. सांगावी की नाही, दोन आठवडे विचार करत होते.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत सलग तीन रविवार फोन बाबांनी धरला होता. एरवी आई धरते, बाबा मागे पेपर वाचत बसतात. मी बोलत होते नेहमीसारखी. तिसऱ्या रविवारी धाकटी तिचे सतरा सेकंद बोलून झाल्यावर गेली नाही. स्क्रीनकडे बघत उभी राहिली आणि मला इंग्रजीत म्हणाली, आजी स्वतः फोन का नाही धरत? मी म्हटलं, "अगं असंच, बोल ना नीट, मराठीत बोल." ती परत म्हणाली, "आजी, तुझा हात दाखव."

पलीकडे एकदम शांतता. मग बाबांनी कॅमेरा खाली केला. आईचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. बाथरूममध्ये पाय घसरला होता, बावीस दिवस झाले होते. "तुम्हाला कशाला उगाच काळजी, तिथून काय करणार तुम्ही," आई म्हणाली. ते खरंच होतं, आणि म्हणूनच मला जास्त लागलं. तीन रविवार मिळून मी दोन तासांच्या वर आईशी बोलले होते, चेहरा समोर होता आणि मला काही दिसलं नाही. एरोग्रामवर निदान अक्षर बदललेलं कळलं असतं.

आणि जिला आपण म्हणतो "हिला काही इंटरेस्टच नाही आजीमध्ये", ती बघत होती. आपण बोलत होतो, ती बघत होती. तिच्याकडे शब्द नव्हते, आणि जेव्हा तिनं कसेबसे काढले तेव्हा मी तिला म्हटलं, मराठीत बोल. मला ते वाक्य अजून आठवतं आणि झोप उडते.

त्यानंतर आम्ही रविवारचा तो कार्यक्रम बंद केला. म्हणजे माझा आणि आईचा फोन आहेच, तो वेगळा, मी गाडी चालवताना करते. मुलांचा फोन वेगळा. त्या फोनला मी खोलीत नसते, आणि त्या फोनला काहीतरी काम असतं. नुसतं "बोल" म्हटल्यावर कोणीच बोलत नाही हो. तुम्हाला कोणी एका अर्धवट येणाऱ्या भाषेत, आईवडील मागे उभे असताना, "बोल" म्हटलं तर तुम्ही काय बोलाल? आनंदीबाई आणि त्या कार्पेंटरबाईंना एकमेकींना विचारण्यासारखं होतं. आपल्या मुलांना आपण विचारायला काही देतच नाही. उत्तरं पाठ करून देतो.

काम म्हणजे काय, फार मोठं नाही. आईचा उजवा हात बंद होता, तर लेक तिला व्हॉट्सअॅपवर उत्तरं टाइप करून द्यायला लागली. आजी सांगायची, ही इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायची, तिथे बाबा वाचून दाखवायचे आणि तिघं हसायचे, कारण भलतंच लिहिलेलं असायचं. प्लास्टर निघालं तरी ते चालू राहिलं. मग थालीपीठ. आजी तिकडून सांगते, ही इकडे थापते, भोक पाडायला विसरते, आजी ओरडते. "ओलं फडकं घे" यातलं "फडकं" तिला माहीत नव्हतं, मला विचारायला आली, मी म्हटलं आजीलाच विचार. आईनं पदर हलवून दाखवला. आता आमच्याकडे पेपर टॉवेललासुद्धा फडकं म्हणतात. चालेल.

मोठ्याचं मात्र जमेना. पंधरा वर्षांच्या मुलाला थालीपीठ शिकवता येत नाही. तेव्हा मला आदल्या वर्षीची एक गोष्ट आठवली, जी घडली तेव्हा मी तिच्याकडे फक्त गंमत म्हणून पाहिलं होतं. २०२४च्या जूनमधला टी-ट्वेंटी वर्ल्ड कप आठवतोय ना, आपल्याच अंगणात झाला तो? ६ जूनला डॅलसजवळ अमेरिकेनं पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं आणि ती ओव्हर टाकली सौरभ नेत्रावळकरनं. मुंबईचा मुलगा, इकडे ओरॅकलमध्ये इंजिनियर! बाबा, जे कधी स्वतःहून फोन करत नाहीत, त्यांनी त्या दिवशी थेट नातवाला फोन केला. मग १२ जूनला लाँग आयलंडला भारत-अमेरिका. मोठ्याची शाळा चालू होती, तो दिवसभर चोरून स्कोअर बघत होता. नेत्रावळकरनं कोहलीला पहिल्याच चेंडूवर उडवलं, मग रोहितलाही. अमेरिकेच्या ११० धावा भारतानं सात गडी राखून गाठल्या ते सोडा. त्या रात्री नऊला, म्हणजे साताऱ्यात सकाळी साडेसहाला, आजोबा-नातू चाळीस मिनिटं बोलत होते. वाद हा की आपण कोणाच्या बाजूचे. बाबांचं म्हणणं, "अरे, तो आपलाच, मग कोहली गेला तर रडायचं कशाला?" आणि मोठा त्यांना सांगतोय, "पण आजोबा, तू इंडियाचा आहेस ना!" आजोबांना "तू" म्हणतो, अजूनही. पूर्वी मी दुरुस्त करायचे. बाबांनीच एकदा मला गप्प केलं: "तो माझ्याशी बोलतोय, तुझ्याशी नाही."

क्रिकेटमुळे झालंय काय की निम्मे शब्द दोघांनाही इंग्रजीत चालतात, त्यामुळे मोठा अडखळत नाही. उरलेले निम्मे हळूहळू मराठीत येतात. "त्रिफळा उडाला" हा त्याचा आवडता शब्दप्रयोग आहे, त्याचे इथले मित्रही आता म्हणतात, त्यातला एक कोरियन आहे.

याचा अर्थ मुलं अस्खलित मराठी बोलायला लागली असं समजू नका. लेक अजून "माझा गाडी" म्हणते. मराठी शाळेला आम्ही जातो, रविवारी दुपारी, बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमाची. तिथल्या ताई मनापासून शिकवतात, मुळाक्षरं तिथेच आली, आणि ती शाळा सोडा असं मी मुळीच म्हणत नाहीये. पण शाळेत मराठी हा विषय असतो. कोणाशी तरी भांडायला, काहीतरी लपवायला, चिडवायला मराठी लागलं पाहिजे, ते शाळा देऊ शकत नाही. ते एखादं माणूसच देतं. आणि आपल्याकडे ती माणसं आहेत, अजून आहेत, फोनच्या पलीकडे संध्याकाळी साडेसहाला तयार होऊन, केस विंचरून बसलेली. आई फोनच्या आधी पावडर लावते, हे मला बाबांनी सांगितलं.

मला माहीत आहे, तुमच्यापैकी काही जण म्हणतील की आमची मुलं मोठी झाली, आता कुठे. काही म्हणतील आमचे आईवडील हयात नाहीत. काहींचं घरचं बिनसलंय, तिथे फोन कसला. वेस्ट कोस्टवाल्यांना साडेबारा-साडेतेरा तासांचा फरक पडतो, त्यांच्या सकाळी तिकडे रात्र. त्यांना एक सांगते: आमच्याकडे आता फोनपेक्षा व्हॉइस मेसेज जास्त चालतात. लेक शाळेतून येताना बसस्टॉपवरून अर्ध्या मिनिटाचा पाठवते, आजी तिच्या पहाटे ऐकते आणि चार मिनिटांचा उलटा पाठवते. ते मेसेज मी ऐकत नाही. म्हणजे एकदा ऐकला होता चोरून, त्यात माझीच तक्रार चालली होती, दोन्ही बाजूंनी.

काल रविवार होता. स्वयंपाकघरात पोळ्या करत होते, वरच्या खोलीतून दोघींचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, फक्त आवाज आणि मध्ये मध्ये हसणं. वर गेले तर लेकीनं फोन छातीशी धरला आणि म्हणाली, "आई, तू नको येऊ. आमचं चाललंय."

पोळी तव्यावर करपली होती, खाली आले.

तुमच्याकडे मुलं आणि आजी-आजोबा तुमच्या गैरहजेरीत कशावर बोलतात? खाली लिहा ना. आमचा मोठा क्रिकेटचा सीझन संपला की परत दारातून हात हलवतो, मला त्याच्यासाठी काहीतरी सुचवा.